पुएर्तो एस्कोन्दिदोत राहून स्पॅनिश शिकायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्यावर, ओआहाका राज्यात, पुएर्तो एस्कोन्दिदो नावाचं गाव आहे. तिथे मी नऊ महिने काढले. रात्री लॅपटॉपवर काम, सकाळी स्पॅनिश, दुपारी पंख्याखाली आडवं होणं. परत आल्यापासून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते आहे. आठवड्याभराच्या सुट्टीवर जाणाऱ्यांना यातलं निम्मं बिनकामाचं वाटेल.

स्पॅनिशच शिकायची तर स्पेन का नाही?

शेंगेनमुळे, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसामुळे. पर्यटक म्हणून तिथे दर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं आणि भाषा तोंडात बसायला लागते नेमकी त्याच सुमारास बॅग भरावी लागते. मेक्सिको पाहुण्याला १८० दिवसांपर्यंत राहू देतं. शिवाय युरोत भाडं भरायची माझी ऐपत नव्हती, हेही लिहायला हरकत नाही.

गावाच्या नावाचा अर्थ 'लपलेलं बंदर'. आता ते लपलेलं राहिलेलं नाही. ओआहाका शहरातून इथे यायला पूर्वी घाटाच्या वळणांतून सहा-सात तास लागायचे, निम्मी बस ओकत यायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये बार्रांका लार्गा ते व्हेंतानिया हा नवा महामार्ग सुरू झाला आणि तो प्रवास साधारण तीन तासांवर आला. शनिवार-रविवारची गर्दी तेव्हापासून.

व्हिसाचं काय?

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. मात्र तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, जपान, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल, तर वेगळा काढावा लागत नाही. नियम बदलत असतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या पानावर एकदा खात्री करून घ्या.

तीन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, १८० हा कमाल आकडा आहे, हक्क नाही. विमानतळावरचा अधिकारी किती दिवस देतो ते त्याच्यासमोर उभं असतानाच शिक्क्यावर वाचा, बाहेर टॅक्सीत बसून नाही. दुसरी, पाहुणा म्हणून मेक्सिकोत पगारी काम करता येत नाही. तिसरी, १८० दिवसांपेक्षा जास्त राहायचं तर तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा मेक्सिकोबाहेरच्या दूतावासातून आधी काढायचा असतो आणि उतरल्यावर ३० दिवसांच्या आत कार्डासाठी अर्ज करायचा असतो. मी तेच केलं. बँकेचे कागद जमवायलाच माझा दीड महिना गेला.

आणि हो, अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी तिथला व्हिसा लागतो. स्वस्त तिकीट दिसलं की हे विसरायला होतं.

गावात नेमकं कुठे राहावं?

या प्रश्नाच्या उत्तरावर तुमची स्पॅनिश ठरते, असं माझं ठाम मत आहे. शिक्षक कोण, पुस्तक कुठलं, हे सगळं नंतर.

गावाच्या मधून किनारी महामार्ग जातो, क्रमांक २००. त्याच्या खाली समुद्र, वर गाव. खालच्या बाजूला सिकातेलाचा लांबलचक किनारा आणि त्याच्या टोकाला ला पुन्ता, म्हणजे 'टोक'च. ला पुन्तात रस्ते मातीचे, पण फळ्यांवर लिहिलेलं सगळं इंग्रजीत. योगवर्ग, सर्फबोर्ड, नारळाच्या करवंटीत वाढलेला नाश्ता. मी पहिले पाच आठवडे तिथे होते. पाच आठवड्यांनी मला कॉफी मागता येत होती आणि बिल मागता येत होतं. एवढंच. शेजारी एक ऑस्ट्रेलियन, एक इस्रायली जोडपं, एक जर्मन, आणि सगळे एकमेकांशी इंग्रजीत बोलून मग 'आपण स्पॅनिश शिकायला हवं' असं इंग्रजीतच म्हणणारे.

मग मी महामार्गाच्या वर, बेनितो हुआरेस बाजाराजवळ खोली घेतली. एका बाईंच्या अंगणात मागच्या बाजूला एक खोली, पत्र्याचं छप्पर, पंखा. सगळा मोहल्ला त्यांना दोञा म्हणायचा, मीही तेच म्हणू लागले. (दोञा म्हणजे आपल्याकडे नावापुढे 'बाई' लावतात तसं, पण थोडं वजनदार.) समुद्र पायी पंचवीस मिनिटं, जाताना उतार, येताना चढ आणि ऊन. पण सकाळी सहाला पाणीवाला 'आगुआआआ' अशी आरोळी ठोकायचा, मग गॅसवाला, मग तामालवाली (तामाल म्हणजे पानात गुंडाळून उकडलेलं मक्याचं पीठ), आणि अंगणात दोञा आणि त्यांच्या बहिणीचं भांडण. हे सगळं माझ्या खिडकीतून आत यायचं. फुकटचा वर्ग!

मधला मार्ग हवा असेल तर रिंकोनादा भाग बघा. कारिसालियोचा छोटा, शांत किनारा तिथून जवळ आहे. किनाऱ्यावर उतरायला दीडशेहून अधिक पायऱ्या आहेत, आणि त्या परतताना मोजल्या जातात.

इंग्रजीवर भागतं का?

भागतं. अडचण तीच आहे.

मराठी माणसाला स्पॅनिश अवघड जाते का?

इंग्रजीतून शिकलात तर जाते. मराठीतून शिकलात तर व्याकरणाचा निम्मा डोंगर आधीच चढून झालेला असतो, फक्त कुणी तसं सांगत नाही. माझ्या पहिल्या वर्गात सहा जण होते आणि शिक्षिका सगळं इंग्रजीतून समजावत होत्या. 'मे गुस्ता' या रचनेवर पूर्ण दोन दिवस गेले. आंबे मला 'आवडवतात', म्हणजे कर्ता आंबे आणि मी कर्म, असं फळ्यावर बाण काढून चाललं होतं. मी वहीत लिहिलं: 'मे गुस्ता एल मांगो' म्हणजे 'मला आंबा आवडतो'. 'मे गुस्तान लोस मांगोस' म्हणजे 'मला आंबे आवडतात'. आंबे वाढले की क्रियापद वाढलं, मी जिथल्या तिथे. यात समजावण्यासारखं काय होतं?

त्या दिवसापासून मी इंग्रजी मधून काढून टाकली. मग एकेक सापडत गेलं:

'बेओ एल मार', समुद्र बघते. 'बेओ आ ला सेञोरा', बाईंना बघते. माणूस कर्म असला की स्पॅनिशमध्ये 'आ' लागतो, आपल्याकडे 'ला' किंवा 'ना' लागतो. वस्तूला दोन्हीकडे काही लागत नाही.

'से मे कायो एल बासो', माझ्या हातून ग्लास पडला. म्हणजे मी पाडला नाही, पडला. दोष ग्लासाचा. ही सोय इंग्रजीत नाही, आपल्याला मात्र पहिलीपासून येते.

'से फुए ला लुस', लाईट गेली. शब्दशः. वीजबिलालाही ते 'लाईटचं'च बिल म्हणतात. लुस स्त्रीलिंगी, आपली लाईटही.

'आ कोमो एल कीलो?', किलो कसे दिले? भाव 'किती' न विचारता 'कसे' विचारणारी दुसरी भाषा मला इथे भेटली. बाजारात पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी टोमॅटोच्या ढिगासमोर एकटीच हसत उभी होते.

भूतकाळाचं दुखणं इंग्रजीवाल्यांना शेवटपर्यंत छळतं. आपल्याला 'गेले' आणि 'जायचे' यातला फरक कुणी शिकवावा लागत नाही. 'काल पोहायला गेले' तिथे 'फुई', 'रोज पोहायला जायचे' तिथे 'ईबा'. आणि ज्याला सगळे घाबरतात तो सब्जंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-शंका दाखवणारं क्रियापदाचं रूप? 'किएरो के बेंगास', तू यावंस असं मला वाटतं. 'ओहाला के नो युएवा', पाऊस न पडो. 'यावंस' आणि 'पडो' ज्यांच्या घरात रोज बोलले जातात त्यांनी घाबरायचं कारण नाही. प्रत्येक ठिकाणी जुळेलच असं नाही, पण दार उघडायला एवढं पुरतं.

आता जिथे मराठी पाय ओढते ते. लिंगं दोनच, नपुंसक नाही, आणि आपला कान सारखं 'ते' शोधत राहतो. त्यात 'मानो' म्हणजे हात हा शेवटी ओ असूनही स्त्रीलिंगी, 'दीआ' म्हणजे दिवस हा आ असूनही पुल्लिंगी. समुद्र पुस्तकात 'एल मार', पण कोळी लोक मायेने 'ला मार' म्हणतात. 'आहे'साठी सेर आणि एस्तार अशी दोन क्रियापदं आहेत. आंबा 'एस बेर्दे' म्हणजे रंगाने हिरवा, 'एस्ता बेर्दे' म्हणजे कच्चा. हा भेद मला पुस्तकाने सांगितला तेव्हा कळला नाही, बाजारात आंबटढाण आंबा विकत घेतला तेव्हा कळला. पोर आणि पारा या 'साठी'च्या दोन शब्दांचं अजूनही मला पूर्ण जमलेलं नाही.

जाणं-येणंही सांभाळा. दोञांनी अंगणातून हाक मारली की मी आतून ओरडायचे, 'बेंगो, बेंगो!' म्हणजे 'आले, आले!' त्या हसायच्या. स्पॅनिशमध्ये बोलावणाऱ्याकडे निघताना 'या बोय' म्हणतात, म्हणजे 'जातेच'. पण गंमत अशी की घराबाहेर पडताना मेक्सिकोत 'आओरीता बेंगो' म्हणतात, आणि ते अगदी आपलं 'येते हं!'

आणि उच्चार?

त आणि द दातांना टेकवून, जसे आपण म्हणतो तसेच. इंग्रजीच्या नादाने आपण 'टॅको' आणि 'टकिला' म्हणायला शिकलो आहोत, ते विसरा. ताको. तेकिला. शाळेत घोटून पुढे कधी न वापरलेला ञ इथे रोज लागतो: निञो, माञाना, सेञोरा. दुहेरी र साठी 'गर्रकन'मधला र्र काढा, पेर्रो म्हणजे कुत्रा. एकेरी र ठेवलात तर पेरो, म्हणजे 'पण'. स्पेलिंगमधला h मुका असतो. आपल्याला खरा त्रास ब आणि व चा: अक्षरं दोन, उच्चार एक, आणि तो ब कडे झुकणारा.

काही शब्द तर घरचेच निघतात, कारण आपल्याकडे ते पोर्तुगीजांनी आणून ठेवलेत आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. माझ्या खोलीच्या दाराचा सांधा निखळला. सुताराला काय म्हणून सांगायचं? मी दार हलवून दाखवलं, बोटांनी उघड-मिट करून दाखवलं. तो गंभीरपणे म्हणाला, 'आ, ला बिसाग्रा.' बिजागरी! मी इतक्या मोठ्याने ओरडले की दोञा स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यानंतर पगार सापडला (पागार म्हणजे पैसे चुकते करणं), पाव सापडला (पान).

भारतात वापरलेलं पुस्तक तिथे चालतं का?

ते स्पेनच्या स्पॅनिशचं असेल तर अर्धवट. 'बोसोत्रोस'चे (स्पेनमधलं 'तुम्ही सगळे') सगळे रकाने खोडून टाका, मेक्सिकोत अनेकवचनाला सरसकट 'उस्तेदेस' चालतं. एकवचनात तू आणि तुम्ही सारखाच भेद आहे, तू आणि उस्तेद. वयाने मोठ्यांना, दुकानदाराला, टॅक्सीवाल्याला उस्तेद म्हणा, काही बिघडत नाही. 'घेणे' म्हणून शिकलेलं 'कोहेर' हे क्रियापद मेक्सिकोत चारचौघांत वापरू नका, अर्थ अश्लील आहे. 'तोमार' म्हणा. अंडी मागताना 'तिएने उएबोस?' असं विचारू नका, 'आय उएबो?' असं विचारा. का ते बाजारातली बाई हसू आवरल्यावर सांगेल.

माझ्या पुस्तकाने मला समुद्रात पाडलं. ला पुन्ताजवळ सर्फिंगचा पहिला धडा होता. मी फळीवर पालथी, मागे शिकवणारा मुलगा, वय वीस असेल. लाट आली. तो ओरडला, 'रेमा, रेमा, रेमा!' म्हणजे वल्हव. मी जीव खाऊन हात मारले. लाटेने फळी उचलली आणि तो ओरडला, 'पाराते!' पुस्तकात 'पारार्से' म्हणजे थांबणे. मी थांबले. हात वर घेतले आणि तशीच पालथी पडून राहिले. लाट डोक्यावरून गेली, नाकातोंडात वाळू. पुढच्या लाटेला पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो पोहत जवळ आला आणि हाताने खुणेने दाखवलं: उभी राहा. मेक्सिकोत पारार्से म्हणजे उभं राहणं. तो शब्द आता मी मेले तरी विसरणार नाही.

वर्ग लावावा की तसंच शिकावं?

पहिले सहा आठवडे वर्ग लावा, शक्यतो एकास एक. गटात बसलात की वेग सगळ्यांत हळू माणसाचा आणि मधल्या सुट्टीची भाषा इंग्रजी. माझ्या पहिल्या संस्थेत आठवड्याला वीस तास शिकवतो असं सांगून त्यातले सहा तास साल्सा नाच आणि स्वयंपाकात घातले होते. पैसे भरण्याआधी वेळापत्रक कागदावर मागा.

त्यानंतर मी आठवड्यातून दोनच तास शिक्षिकेकडे जायचे आणि बाकी वेळ बाजारात घालवायचे. तिथे एक गोष्ट ध्यानात आली. बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या बऱ्याच बायका डोंगरातल्या गावांमधून येतात आणि आपापसात चातिनो बोलतात. ती या भागाची मूळ भाषा, सुरांवर अर्थ बदलणारी, स्पॅनिशशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे स्पॅनिश त्यांनीही शिकूनच घेतलेली. त्या सावकाश बोलायच्या, छोटी वाक्यं करायच्या, आणि माझं चुकलं तर हसायच्या नाहीत. त्यांच्यापैकी एका आजीकडून मी आठवड्याचे टोमॅटो, भोपळा आणि अर्धा तास संभाषण घ्यायचे. डिसेंबरात त्या आठवडाभर दिसल्या नाहीत, हुकिलाच्या देवीला (म्हणजे तिथल्या मदर मेरीला) चालत गेल्या होत्या. ८ डिसेंबरला तिचा उत्सव असतो. परत आल्यावर पायांच्या फोडांचं वर्णन त्यांनी इतकं सविस्तर केलं की माझे शरीराच्या अवयवांचे शब्द पक्के झाले.

परीक्षा द्यायची असेल तर डेले ही स्पेनच्या इन्स्तितुतो सेर्वान्तेसची परीक्षा भारतात, दिल्लीच्या केंद्रातही देता येते. नोकरीला कागद हवा असेल तर द्या. बोलायला तिची गरज नाही.

शाकाहारी माणसाचं तिथे काय होतं?

उपाशी राहत नाही, पण वाक्य पाठ करावं लागतं. 'नो कोमो कार्ने' एवढ्यावर थांबलात तर पुढ्यात कोंबडी येईल, कारण 'कार्ने' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर मोठ्या जनावराचं मांस येतं. 'नी पोयो, नी पेस्कादो' (कोंबडी नाही, मासेही नाहीत) हेही जोडा. त्लायुदा म्हणजे मोठी कडक तोर्तिया (मक्याची पोळी), वर घेवड्याची उसळ वाटून लावलेली आणि चीज. तिच्यावर बहुतेक वेळा आसिएन्तो, म्हणजे डुकराच्या चरबीचा गाळ, सारवलेला असतो. 'सीन आसिएन्तो' म्हणायला विसरू नका. भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो, विचारा.

तोर्तियासाठी मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजवून मग दळतात. त्याचा वास एकदा ओळखीचा झाला की गल्लीतून जाताना कुणाचा कोमाल तापलाय ते कळतं. कोमाल म्हणजे तवा. सरबतांत 'हामाइका' मागा, लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं, आंबट-गोड. मिरची तिखट आहे का असं विचारलं की उत्तर 'नो पीका' असंच येतं. ते खरं मानू नका. आपण तिखट खाणारे, या भ्रमातही राहू नका.

पाणी, वीज, इंटरनेट?

प्यायला गार्राफोन, म्हणजे वीस लिटरचा जार. वापरायचं पाणी गच्चीवरच्या तिनाकोत, म्हणजे टाकीत. टाकी संपली आणि नळाला पाणी नसलं की पीपा मागवायची. पीपा म्हणजे टँकर.

इथे 'आओरीता' हा शब्द समजून घ्यावा लागतो. पुस्तकात अर्थ 'आत्ता लगेच'. आपण 'आत्ता येतो' म्हणून दोन तासांनी येतो, तसाच तो शब्द आहे, फक्त त्याची लांबी सुरावरून ठरते. पटकन, आखडून म्हटला तर पाच मिनिटं. मधला 'री' ताणला तर आज कधीतरी. ताणून वर मान वेळावली तर विसरा. मे महिन्यात आमची टाकी आटली. टँकरवाला फोनवर म्हणाला, 'आओरीता येगा.' मी डोक्याला शांपू लावून बसले होते. चार तास.

इंटरनेट पाऊस नसताना चांगलं. लाईट जाते तेव्हा तेही जातं, मोबाईल डेटा जवळ ठेवा. एटीएममधून पैसे काढताना यंत्र 'तुमच्या चलनात रूपांतर करू का' असं विचारतं, तिथे नाही म्हणा. होय म्हटलं की दर त्यांचा लागतो.

भारतातलं काम तिथून करता येतं का?

घड्याळाने येतं. मेक्सिकोने २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बहुतेक देशापुरती बंद केली, त्यामुळे भारताशी अंतर वर्षभर साडेअकरा तासांचं. भारतात सकाळचे आठ तेव्हा पुएर्तोत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेआठ. मी रात्री साडेआठ ते साडेबारा काम करायचे आणि सकाळ भाषेला द्यायचे. सूर्यास्त पाहून मीटिंगला बसायचं, केसांत वाळू असताना. चालतं.

समुद्रात पोहता येतं का?

सिकातेलात नाही. तिथल्या लाटेला जगभरचे सर्फर मेक्सिकन पाइपलाइन म्हणतात, आणि ती वाळूच्या उथळ तळावर येऊन आपटते. शांत दिवशीही पाण्याखालची ओढ माणसाला आत नेते. गुडघाभर पाण्यात उभे राहून फोटो काढणाऱ्यांना जीवरक्षक शिट्ट्या मारतात ते उगाच नाही. पोहायला कारिसालियो, मान्सानियो, पुएर्तो आंखेलितो. लाल बावटा असेल तर कुठेच नाही. स्थानिकांच्या तोंडी 'मार दे फोंदो' आलं की समजा, दूरच्या वादळाची लाट येते आहे. आकाश निळंशार असलं तरी त्या दिवशी किनाऱ्यावर बसून नारळपाणी प्या.

कुठल्या महिन्यात जावं?

भाषेसाठी मे ते ऑक्टोबर. पर्यटक कमी, भाडं कमी, लोकांना गप्पांना वेळ. पण उकाडा, डास, डेंग्यू आणि वादळं याच काळात. पॅसिफिकच्या या भागाचा चक्रीवादळांचा हंगाम १५ मे ते ३० नोव्हेंबर. जुनी माणसं १९९७ च्या पाउलिनाबद्दल अजून बोलतात. २०१२ मध्ये कार्लोता, मे २०२२ च्या शेवटी आगाता जवळच्या पुएर्तो आंखेलपाशी, आणि जून २०२५ मध्ये एरिक, अशी वादळं या किनाऱ्याने झेलली आहेत. पत्र्याच्या छपराखाली राहात असाल तर घरमालकाला आधीच विचारून ठेवा की वादळात कुठे जायचं.

एकट्या बाईला सुरक्षित आहे का?

दिवसा मला कधी त्रास झाला नाही. रात्री अंधाऱ्या किनाऱ्यावरून चालत जाऊ नका, एकट्याने तर नाहीच, पुरुषांनीही. तिथले लोक हेच सांगतात. मी वर राहायला गेल्यावर गल्लीला माझं येणं-जाणं पाठ झालं, आणि उशीर झाला तर तामालवाली दुसऱ्या दिवशी जाब विचारायची. त्याहून चांगली सोय मला माहीत नाही.

'भारतीय' कसं सांगायचं?

'सोय दे ला इंदिआ' म्हणा. 'इंदिओ' हा शब्द व्याकरणाने बरोबर आहे, पण मेक्सिकोत तो मूळनिवासींना हिणवायला वापरला गेला आहे, म्हणून सभ्य माणसं तो टाळतात. त्याऐवजी ते सरळ 'हिंदू' म्हणतात (उच्चार 'इंदू'), धर्माशी त्याचा संबंध नसतो. माझ्या ओळखीच्या एका मुस्लिम मुलाला गल्लीभर 'एल इंदू' म्हणत. पहिल्या महिन्यात तो दुरुस्त करायचा, नंतर त्याने सोडून दिलं.

स्थानिकांना आपलं येणं खुपतं का?

काहींना खुपतं, आणि त्यांचं चुकीचं नाही. २०२५ साली मेक्सिकोतलं किमान वेतन दिवसाला २७८.८० पेसो होतं. ला पुन्तात दोघांनी कॅफेत नाश्ता केला की तेवढे सहज उडतात. दोञांच्या मुलीला लग्नानंतर गावात भाड्याने घर मिळेना, ती लांब राहायला गेली. मी ज्या खोलीत राहत होते ती आधी तिची होती, हे मला चौथ्या महिन्यात कळलं, कारण त्याआधी कळण्याइतकी स्पॅनिश येत नव्हती. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. भाडं वेळेवर आणि पेसोत दिलं, घासाघीस केली नाही, एवढंच.

बोलता यायला किती दिवस लागतात?

माझं सांगते. दुसऱ्या महिन्यात बाजारहाट, तिसऱ्यात डॉक्टरांकडे एकटीने जाणं ('मे दुएले ला काबेसा', डोकं दुखतंय, पुन्हा तीच 'मला'ची रचना). पाचव्यात विनोद कळायला लागले, पण सगळे हसून झाल्यावर. फोन सगळ्यांत शेवटी येतो, कारण तिथे हात नसतात, चेहरा नसतो. आठव्या महिन्यात एकदा टाकी पुन्हा आटली आणि दोञांचे हात मक्याच्या पिठात होते. त्यांनी मानेनेच मला फोन दाखवला. मी टँकरवाल्याशी बोलले, पत्ता सांगितला, भाव विचारला, ठेवला.

'काय म्हणाला?' दोञांनी विचारलं.

'आओरीता.'

'कुठला आओरीता?'

मी जरा आठवून पाहिलं. 'संध्याकाळचा,' म्हटलं.

टँकर सात वाजता आला.